ताईच्या पोटातला ठिपका

ताईचा चेहरा अधूनमधून एकदम लालबुंद व्हायचा, पोटात कळ यायची. घरचे म्हणायचे, "वयाचं असेल, फार मनावर घेऊ नकोस." कितीतरी तपासण्या झाल्या, पण निदान होईना. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी वेगळं स्कॅन करायला सांगितलं. किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देऊन ताईला तासभर एकटीला बसवलं. काचेपलीकडून ती माझ्याकडे बघून हसली.

नंतर पडद्यावर तिच्या आतड्यापाशी एक इवलासा ठिपका उजळलेला दिसला.

"औषध नेमकं या गाठीला जाऊन चिकटलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुठे पसरलेली नाही. काढता येईल."

मी लगेच ऑपरेशनचं विचारलं. ताई मात्र त्या ठिपक्याकडे शांतपणे बघत राहिली. दुखण्याला नाव मिळालं की माणूस इतका निवांत होतो?

"म्हणजे मी उगाच कुरकुरत नव्हते," ती हळूच म्हणाली.