चित्राला चोवीस तास

मंडळी, आज दुबईत जबल अलीच्या आमच्या वेअरहाऊसमध्ये युरोपातून एक पेटी आली. आत बरोक काळातलं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं चित्र. काळोखात मेणबत्ती धरलेली बाई. कधी एकदा बघते असं मला झालं होतं.

"मॅडम, चोवीस तास उघडायची नाही," सुपरवायझर सलीमभाई म्हणाले. "बाईला इथली हवा मानवायला हवी."

एसी रूममधल्या त्या बंद पेटीभोवती मी चारदा फिरून आले. शेवटी सलीमभाई हसले. "मी रत्नागिरीहून आलो तेव्हा एअरपोर्टवरून थेट शिफ्टला उभा राहिलो."

मीही उतरल्याच्या दुसऱ्या सकाळी आठला ऑफिसात होते. त्याला अकरा वर्षं झाली. आज घरी आल्यापासून मात्र जिवाला चैन नाही.

तुम्हाला कोणी दिला होता एक दिवस?