चिचगडचा मका आणि भाताचा एक घास

माझा धर्मकाटा गोंदियाच्या बाहेर, बिरसीकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. धानाची गाडी आधी भरलेली काट्यावर चढते, मग गिरणीत रिकामी होऊन परत येते. दोन्ही वजनांतला फरक तेवढं धान. इतक्या वर्षांत वजनावरून माझ्याशी कुणी भांडलेलं नाही, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. स्वतःचं वजन मात्र मी गेल्या वर्षापर्यंत कधी मनावर घेतलं नव्हतं.

माझ्या काट्याला दहा किलोच्या खालचं दिसत नाही. मी एकटा त्यावर उभा राहिलो की तो शंभर दाखवायचा. गाडीचं वजन चालू असताना मी चुकून कडेला पाय ठेवला तर नेहमीचे ड्रायव्हर ओरडायचे, “बाबूजी, नीचे उतरो, नहीं तो सेठ को एक बोरा ज्यादा देना पड़ेगा!” ते हसायचे, मीही हसायचो.

मग बेंबीजवळ गाठ आली. सर्जननी हर्निया सांगितला. त्यांच्या दवाखान्यातला काटा नीट होता. त्यावर मी शहाण्णव भरलो.

“ऑपरेशन करायचं आहे,” ते म्हणाले, “पण या वजनावर टाके उसवण्याची भीती आहे. नव्वदपर्यंत या, मग तारीख देतो. आणि फार लांबवू नका.”

हे कळल्यावर दसरा होताच मुलगी पुण्याहून आली. ती तिथे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते, मेक्सिकन जेवणाचं हॉटेल. नव्या वर्षात तिच्या हाताखाली पाच माणसं येणार होती, तसं तिला सांगितलं होतं. तिनं तीन महिने बिनपगारी रजा घेतली. संक्रांतीनंतर हजर झाली नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार, हेही तिनं आल्याआल्याच सांगून टाकलं. आणि मग म्हणाली, “बाबा, तुमचं ऑपरेशन होऊन तुम्ही चालायला लागल्याशिवाय मी जात नाही.”

हट्टाच्या बाबतीत ती आईवर गेली आहे. त्यामुळे माझ्यापुढचं गणित सोपं होतं. डिसेंबर संपेपर्यंत सहा किलो उतरले तर पोरीची जागा राहील. नाही उतरले तर मी माझ्या पोटापायी तिची बढती खाल्ली, असं होईल.

मला वाटलं होतं की आता उकडलेला दुधी आणि काकडी. पण पोरगी म्हणाली, “चव नसलेलं तुम्ही आठ दिवस खाल आणि नवव्या दिवशी चौकात कचोरी खाल. मला जे येतं तेच मी करणार, फक्त मोजून.” तिनं दुपारचा भात ठरवून दिला, स्वयंपाकघरात छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणून ठेवला आणि रात्रीचं जेवण स्वतःकडे घेतलं.

माझ्या सासुरवाडीला, चिचगडला, घरामागच्या बाडीत दरवर्षी मका लावतात. कणसं वाळवून आढ्याला टांगलेली असतात. मुलीनं मामाला फोन केला आणि देवरीहून येणाऱ्या बसमध्ये मक्याचं पोतं आलं. मग तिनं आईकडे चुना मागितला.

“चुना कायले?” बायको म्हणाली. “भिंत पोततेस का बापाचं पोट?”

“खायचा चुना, आई. मका चुन्याच्या पाण्यात शिजवला की साल सुटते. मग वाटून रोटी करायची.”

“आयका जी,” बायको माझ्याकडे वळली. “आता चुना खाऊन बारीक होऊन रायले तुमी.”

पानठेल्यावरून चुना मीच आणला. मका शिजला, रात्रभर भिजला, सकाळी चोळून धुतला तेव्हा पाण्यावर सालपटं तरंगली. त्याचा वास मला अजून आठवतो. ओल्या मातीच्या भिंतीला ऊन लागल्यावर येतो तसा काहीसा. मुलीनं तो मका वाटला, गोळे केले, दुधाच्या पिशव्या कापून त्यांच्यामध्ये गोळा ठेवला आणि पाटानं दाबला. तव्यावर टाकली की रोटी टम्म फुगायची. एका रोटीचं पीठ तीस ग्रॅम, हे मी स्वतः मोजलेलं आहे.

भेदरे, म्हणजे तुमचे टमाटे, तिनं लसूण आणि मिरचीसोबत थेट आचेवर काळे होईपर्यंत भाजले आणि ठेचून त्यात लिंबू, कांदा, सांभार म्हणजे कोथिंबीर घातली. राजमा आमच्याकडे कुणी आणत नाही, म्हणून बरबटी, म्हणजे चवळी, शिजवून घोटली. वर बारीक चिरलेली पत्ताकोबी आणि थोडं पनीर. रविवारी पनीरच्या जागी कोंबडी. रोटीत हे सगळं भरून, दुमडून तिनं माझ्या हातात दिलं. त्याला टाको म्हणतात.

मी पहिला घास घेतला. आंबट, तिखट, धुरकट, आणि खाली मक्याचा गोडवा. मला वाटलं होतं औषध मिळेल. हे तर लग्नातल्या पहिल्या पंगतीसारखं होतं.

बायकोनं एक तुकडा तोडून चाखला. “हे तं भेदऱ्याची चटनी नं मक्याची रोटीच हाय! हे शिकाले पुन्याले गेली होतीस तू?”

“हो. आणि तिथे आम्ही ते कितीला विकतो सांगू?”

“नोको सांगू. माया भावाच्या कानावर गेलं तं मका पाठवाचा बंद करन तो.”

पहिल्या पंधरवड्यात दवाखान्याच्या काट्यावर दोन किलो उतरले. गंमत अशी की चौऱ्याण्णवला येताच माझा धर्मकाटा शंभरवरून एकदम नव्वद दाखवू लागला. ड्रायव्हर टाळ्या वाजवू लागले. एक जण म्हणाला, “बाबूजी, हो गया काम, अब पेट कटवा लो!” मी त्यांना समजावलं की ही जवळच्या दहाची करामत आहे, खरा नव्वद अजून चार किलो लांब आहे. कुणी ऐकलं नाही.

आणि तिथेच मी अडकलो. दिवाळी गेली, धानाचा हंगाम भरात आला, काट्यापुढे ट्रॅक्टरांची रांग लागू लागली, आणि मी चौऱ्याण्णवचा चौऱ्याण्णव. मुलीनं पनीर कमी केलं. मग तिनं तीन टाकोंचे दोन केले. संध्याकाळी मी बिरसीच्या रस्त्यानं चालूनही येत होतो. सुई हलेना.

“बाबा, खरं सांगा, काट्यावर समोसे खाता?”

“नाही.”

“शपथ घ्या.”

“शपथ कशाला? हिशेब सांगतो.” आणि मी सकाळच्या चहापासून रात्रीच्या टाकोपर्यंत सगळं ग्रॅममध्ये सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण तिचा चेहरा उतरला. नंतर समोरच्या खोलीतून तिचा फोनवरचा आवाज आला, “नाही, अजून तारीख मिळाली नाही. बघते.” ते ऐकून मला रात्री नीट झोप लागली नाही. आयुष्यभर लोकांची वजनं केली आणि माझ्या हिशेबात कुठेतरी फरक होता जो मला सापडत नव्हता.

तो सापडला एका दुपारी. देवरीकडचा एक ट्रॅक्टर धान खाली करून वजनाला परत आला. जाताना ट्रॉलीत फक्त पोती होती. येताना शेतकऱ्याची बायको, आई आणि बाजाराच्या दोन थैल्या वर बसलेल्या.

“खाली उतरा जी सगळे,” मी म्हणालो.

“काऊन जी?” शेतकरी म्हणाला. “आमी का धान हाओ?”

“काट्याला ते समजत नाही. तुम्ही बसून राहिलात तर रिकामी गाडी जड भरेल आणि तेवढं तुमचंच धान कमी होईल.”

हे ऐकताच सगळे भराभर उतरले. म्हातारी थैली सांभाळत सुनेला म्हणाली, “पाय वं बाई, घरच्या मानसाले बी मोजते हा काटा!”

सगळे हसले. मी रिकाम्या गाडीचं वजन घेतलं, पावती दिली, पुढच्या ट्रॅक्टरला हात केला, आणि मग तसाच उभा राहिलो. मागून हॉर्न वाजू लागले.

आमच्या भागात भात पोटात गेला नाही तर जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. दुसऱ्याच्या घरी चार पोळ्या खाऊन आलेला माणूस घरी येऊन विचारतो, जेवायला काय आहे? माझ्या बायकोच्या माहेरी तर पानावरून भाताच्या घासाशिवाय उठूच देत नाहीत. रात्री मुलगी टाको वाढून, स्वतः खाऊन पुण्याला फोन करायला समोरच्या खोलीत जायची. मग बायको भात घेऊन यायची. चोरून नाही, उघड. वरण, वर तुपाचा थेंब. “घासभर,” म्हणायची. मी खायचो, हात धुवायचो. तो घास मला कधी खाण्यात धरावासाच वाटला नाही. पाणी प्यायलो हे कोण सांगतं? तसंच ते.

त्या रात्री बायको भात घेऊन आली तेव्हा मी तिचा हात थांबवला, काटा पुढे ओढला आणि म्हणालो, “यात वाढ.” काट्यावर रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणला होता. तिनं नेहमीसारखा वाढला. भात, वरण, तूप मिळून दोनशे तीस ग्रॅम.

“हे काय घासभर आहे?” मी म्हणालो.

ती काट्याकडे पाहत राहिली. “माया घासाले मोजता तुमी?”

“सगळंच मोजतो आहे ना. हे तेवढं राहिलं होतं.”

“मोजा. मोजा न.” तिनं भाताचं पातेलं आपटलं. “ते डॉक्टर पोट फाडनार तुमचं. भाताबिगर अंगात ताकत कोठून येईन? अना पोरगी आली, मका तिचा, चटनी तिची, चूल तिची. तुमी रोज वा वा करून रायले. माया हातचा एक घास तुमच्या पोटात जावा म्हनून देऊन रायली मी. तेबी काट्यावर!”

मला आकड्यातला फरक सापडला होता, पण तो तिच्या बाजूनं काय होता हे मी पाहिलंच नव्हतं.

आवाज ऐकून मुलगी आत आली. तिनं वाटी पाहिली, काट्यावरचा आकडा पाहिला. मला वाटलं आता ही भडकेल. तिचा महिना वाया गेला होता. ती आईशेजारी पाटावर बसली.

“आई, मेक्सिकोतले लोकही भात खातात. रोटीच्या आतच भरतात.”

“मग आधी काऊन नाई सांगितलं?”

“तू विचारलंस कुठे? तू तर नुसती नाक मुरडत होतीस.”

“भात आत भरला तं रोटी एकच द्या लागन,” बायको म्हणाली. हिशेब तिलाही कळतो.

दुसऱ्या दिवसापासून चूल दोघींची झाली. बायकोनं दुधाच्या पिशव्या फेकून दिल्या आणि रोटी हातानं थापू लागली. ती मुलीपेक्षा पातळ व्हायची, मुलीनंच ते मान्य केलं. साठ ग्रॅम भात बायको स्वतःच्या हातानं माझ्या रोटीत भरायची. एका रविवारी तिनं मक्याच्या ओल्या पिठात बरबटी भरली, माहेरी करतात तसं पळसाच्या पानांत बांधलं आणि वाफवलं. मुलगी फोटो काढत सुटली. “आई, हे आम्ही कणसाच्या पानांत गुंडाळतो! हे तुला कुणी शिकवलं?”

“भुकेनं,” बायको म्हणाली.

सुई हलू लागली. नाताळाच्या सुमारास मी दवाखान्यात गेलो तेव्हा नव्वद पूर्णांक चार भरलो. मी स्वेटर काढला, पाकीट काढलं, पुन्हा चढलो, मग म्हणालो की स्वेटर वेगळा मोजून घेता का. सर्जन हसू लागले. “चारशे ग्रॅमसाठी मी टेबल रिकामं ठेवत नाही. गुरुवारी या.”

ऑपरेशन नीट झालं. त्यांच्या हाताचे आभार मी तेव्हाच मानले, पुन्हा इथे मानतो. मामाच्या मक्याचे राहिले होते, ते फोनवर मानले, तो म्हणाला, “भाऊजी, पोतं तं परत पाठवा.” संक्रांतीला तिळगुळाचा लाडू मी एक, मोजून एक, खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू चालत मुलीला गाडीत बसवून दिलं. तिच्या सामानात चिचगडचा मका होता. गाडी सुटताना ती खिडकीतून आईला ओरडून सांगत होती, “चुना जास्त घालू नकोस, कडू होतं!” आणि बायको इकडून, “मले शिकवतेस का!”

तिच्या हाताखाली आता पाच माणसं आहेत. मी अठ्ठ्याऐंशीवर आहे. धर्मकाट्यावर उभा राहिलो तर तो अजून नव्वदच दाखवतो आणि ड्रायव्हरांना माझे कष्ट दिसत नाहीत, पण ते चालायचंच. आठवड्यातून दोनदा आमच्याकडे मक्याची रोटी होते. बायकोच छोटा काटा पुढे ओढते, भात मोजते, आकडा मोठ्यानं वाचते, आणि मग पातेल्यातून आणखी चार शितं उचलून वर ठेवते.

“हे काट्याले नोका सांगू,” म्हणते.

मी ती धरतो हिशेबात. आणि खातो.