कालव्याला पायऱ्या नाहीत

शेजारच्या घराचा स्लॅब टाकतायत, आणि ओल्या सिमेंटच्या वासानं मला आजही तो कालवा आठवतो.

शहागडकडचा फुटका कालवा आम्हीच गावोगाव वाटलेल्या पत्रकांमुळे दुरुस्त झाला होता. काम बघायला मैत्रीण सुमन आणि मी कोरड्या कालव्यात उतरलो. सिमेंटच्या नव्या अस्तरावरून हात फिरवत चाललो होतो, तोच मागून सळसळ ऐकू आली. वाळकं गवत, बाभळीच्या शेंगा पुढं ढकलत पाणी येत होतं. दवंडी न देताच सोडलेलं! आम्ही बाजूच्या गुळगुळीत उतारावर चढायला धावलो, घसरलो, परत तळाशी. पाणी गुडघ्यावर चढलं.

"मला पोहता येत न्हाई गं!" सुमन किंचाळली.

काठच्या शेतात गयाकाकू कापूस वेचत होत्या. त्यांनी कमरेला बांधलेली जुन्या धोतराची झोळी सोडली, एक टोक धरून खाली फेकली आणि एकेकीला वर ओढलं.

"कालवा पाह्यला आल्त्या का जीव द्यायला?"

तेव्हा पाण्याची भीती वाटली होती. आता त्या गुळगुळीतपणाची वाटते. फुटक्या कालव्यात पाय रोवायला दगड तरी होते.

पायऱ्या मागणारं पत्रक आम्ही लगेच काढलं. पायऱ्या अजून नाहीत, आणि त्याच काठानं पोरं शाळेत जातात.