बाथरूमची कडी
परवा गोल बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात पितळी कड्या टांगलेल्या दिसल्या आणि माझं डोकं पुन्हा तापलं. सासूबाईंना विसरण्याचा आजार जडल्यावर त्या आत अडकू नयेत म्हणून आमच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या घरी बाथरूमची आतली कडी मी काढून टाकली होती. त्या आत गेल्या की मी दाराबाहेर बसायचे. दोन दिवसांसाठी नागपूरहून आलेले मोठे दीर ते बघून भडकले. "आईची काही इज्जत आहे का नाही? काहून काढली कडी?" मी समजावायला गेले तर म्हणाले, "तू मले नको शिकवू." त्यांनी स्वतः पेचकस घेऊन नवी कडी बसवली आणि घरात वाद नको म्हणून मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी आतून कडी लावली आणि ती उघडायची कशी हेच विसरल्या. आत नळ वाहत होता आणि त्या दार बडवत रडत होत्या, "कोणी आहे का? माझ्या सुनेले बोलवा!" "मीच आहे, आई," मी ओरडत होते, पण त्यांना ते पटेना. मग धप्पकन पडल्याचा आवाज आला. शेजारच्या भैयांनी खांद्याने दार तोडलं, तेव्हा त्या ओल्या फरशीवर थरथरत पडल्या होत्या आणि कपाळातून रक्त येत होतं. दीर मलाच म्हणाले, "मग आधी नीट सांगायचं ना!" सासूबाई आता नाहीत. दीर दिवाळीला फोन करतात, मी त्यांची तब्येत विचारते, आणि फोन ठेवल्यावर त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.