देखावेकाकांची गाडी

कला चिरंतन असते आणि कलावंत क्षणभंगुर, असं आपण सगळे मान डोलावून म्हणतो. देखावेकाकांच्या बाबतीत हे तंतोतंत उलट होतं. त्यांची कला दर वर्षी अकराव्या दिवशी टेम्पोत भरली जायची आणि काका मात्र बेचाळीस वर्षं जागच्या जागी होते. पुण्यातल्या गणेश मंडळांसाठी ते फायबरग्लासचे देखावे करत. हत्ती, राक्षस, कमानी, एकदा तर नाकातून खरी वाफ सोडणारी मगर. विसर्जन झालं की मंडळाकडे ठेवायला जागा नसे, मग ते सगळं मोडून गोदामामागे टाकलं जाई. "माझं एकही काम मला दुसऱ्यांदा भेटलेलं नाही," हे ते आपला रक्तगट सांगावा इतक्या सहज सांगत.

त्यांची-माझी ओळख माझ्या मूर्खपणामुळे झाली. नेदरलँड्समधलं आमचं न्यूनेन गाव इतकं शांत आहे की इथे माणसाला स्वतःची पन्नाशी स्पष्ट ऐकू येते. मला ती ऐकू आली तेव्हा मी एक गाडी विकत घेतली. एका जुन्या इंग्रजी, बिनछपराच्या, दोन माणसांच्या गाडीची फायबरग्लासची नक्कल. सांगाडा, इंजिन आणि वरचं कवच सुटं आणून घरी जोडायचं, असा तो संच. पहिल्या मालकाने, एका निवृत्त डच मास्तराने, ती अर्धवट जोडून बारा वर्षं शेडमध्ये ठेवली होती. "नव्वद टक्के झालीय," तो म्हणाला. सॉफ्टवेअरमध्ये पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला नव्वद टक्के म्हणजे काय, हे ठाऊक असायला हवं. मला ठाऊक होतं. तरी मी ती ट्रेलरवर घालून घरी आणली.

कवचावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा होत्या. डावं दार उघडत नव्हतं, उजवं बंद होत नव्हतं. सगळं वायरिंग मास्तरांनी एकाच रंगाच्या वायरने केलं होतं. चार महिने शनिवार-रविवार घालवून मी नव्वद टक्क्यांवरून साधारण पंच्याऐंशीवर आलो होतो, तेव्हा एका शनिवारी सकाळी गॅरेजच्या दारात एक बारीक, पांढऱ्या मिशीचे गृहस्थ उभे राहिले. दोन घरं सोडून राहणाऱ्या मानसीचे वडील. नव्वद दिवसांच्या व्हिसावर लेकीकडे आले होते.

त्यांनी बॉनेटवर नखाने टिचकी मारली. "फायबर. आणि हे कोणी भरलंय?"

"मी."

"काय काम करता?"

"सॉफ्टवेअर इंजिनियर आहे."

"तरीच," ते म्हणाले. "गाडीला गिलावा केलाय." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'इंजिनियर' झालो, आणि हा शब्द ते ज्या सुरात उच्चारत त्या सुरात आमच्याकडे 'जावई' म्हणतात.

मानसीला हे मुळीच पसंत नव्हतं. काकांची छाती फायबरच्या धुळीने खराब झालेली, डॉक्टरांनी हे काम बंद सांगितलेलं. "बाबा, मी तुम्हाला इथे आराम करायला आणलंय," ती गॅरेजमध्ये येऊन म्हणाली.

"आरामच करतोय. उभ्याने करतोय, एवढंच."

"आणि तुम्हालाही कळायला हवं," हे मला. शेवटी तह झाला. घासकाम सगळं मी करायचं, काकांनी मास्क लावायचा आणि धूळ बसल्यावरच आत यायचं. काका तहाला राजी झाले, पण आधी त्यांनी मला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. "ही शेवटी रस्त्यावर जाणार ना? चालणार? नक्की?" मी हो म्हटलं. "मग ठीक. उभी राहणारी कामं खूप झाली. एकदा चालणारं करायचंय." पुढच्या तीन महिन्यांत हा प्रश्न त्यांनी मला इतक्यांदा विचारला की मी चिडायला लागलो. उत्तर माझ्या हातात नव्हतं, हे त्या चिडण्याचं खरं कारण.

काकांचं सगळं मोजमाप बाटलीच्या झाकणात असे. एका डब्याला दोन झाकणं हार्डनर, की अर्ध्या तासात रेझिन दगड. हे गणित पुण्याच्या उन्हातलं. एप्रिलमधल्या माझ्या गॅरेजमध्ये आठ अंश होते. दोन झाकणं घातलेलं रेझिन तीन दिवस काकवीसारखं लोंबत राहिलं. मी बाटलीवरच्या सूचना मोठ्याने वाचून दाखवल्या, टक्केवारी, तापमान, तक्ता. काकांनी ऐकून घेतलं आणि पाच झाकणं घातली. डबा वाफाळला, तापला आणि आतला माल माझ्या डोळ्यांदेखत तडकला.

"इथलं हवामान कामचुकार आहे," काका म्हणाले. मग त्यांनी प्लास्टिकच्या कागदाचा गॅरेजमध्ये एक छोटा मांडव उभा केला, त्यात माझे दोन हीटर लावले आणि मांडवात पुण्याचा मार्च आणला. त्यानंतर मात्र दोनच झाकणं लागली. तक्ता चुकीचा होता असं त्यांनी मला कबूल करायला लावलं. तो चुकीचा नव्हता, पण मी दमलो होतो.

काकांची आणखी एक सवय मला रडकुंडीला आणायची. ते गाडीभोवती कधी फिरत नसत. समोर दहा पावलांवर जाऊन उभे राहत, हात मागे, एक डोळा बारीक, आणि गर्दीच्या डोक्यांवरून बघावं तसं थोडं टाचा उंचावून बघत. पुढचा भाग त्यांनी असा घासूनपुसून घेतला, की त्यात शेजाऱ्याचं कुंपण मोजता यावं. मागच्या बाजूला मात्र फायबरचे धागे केसांसारखे बाहेर आलेले. मी दाखवलं तर म्हणाले, "मागे बांबूच असतात." बेचाळीस वर्षांत त्यांच्या कामाच्या मागे कोणी गेलं नव्हतं, फक्त लाइनवाला जायचा. सायकलवाल्यांच्या या देशात गाडीचा मागचाच भाग जास्त लोक बघतात, हे मी त्यांना समजावलं. "त्यांना सांगा पुढे जाऊन बघा," काका म्हणाले. मागचं शेवटी मी केलं.

मे महिन्यात त्यांनी दिवे काढले. मी कामावरून आलो तर पुढच्या कवचाला दोन भोकं आणि काका समोर दहा पावलांवर.

"डोळे कानांशी बोलत होते हिचे," ते म्हणाले. "बेडूक दिसत होती. तीन बोटं आत घेतो."

"काका, मूळ गाडीचे तिथेच असतात."

"मूळ गाडीचं तिच्या घरच्यांनी बघावं."

त्यापुढचे सहा आठवडे ते फक्त त्या चेहऱ्यावर होते. देखाव्यात डोळ्यांची आखणी ते कधी दुसऱ्या कोणाला देत नसत, तसं इथेही त्यांनी मला हात लावू दिला नाही. आणि मला ते कबूल करायला आवडत नाही, पण दिवे परत बसले तेव्हा ती गाडी आपल्याकडे बघत होती. त्याआधी ती कुठेतरी बघत असे.

काका परतायच्या आदल्या रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी अनावरण ठरवलं. त्यांना अनावरणाची आवड आहे. मागे त्यांनी एका कॉफी मशीनचंही केलं होतं. माझ्या दारासमोर चाळीस माणसं, शाल, श्रीफळ, आणि परंपरा व तंत्रज्ञान यांच्या संगमावर एक भाषण. फीत सैल बांधली होती, ती काकांनी सोडून पुन्हा नीट बांधली. "पाहुण्याला कापता आली पाहिजे," ते म्हणाले. चादर ओढली गेली, टाळ्या झाल्या, सगळ्यांनी समोरून फोटो काढले. मग कोणीतरी म्हणालं, "एक चक्कर होऊन जाऊ दे." मला सांगावं लागलं की तपासणी झालेली नाही, तिची तारीख ऑक्टोबरची मिळाली आहे, नंबर नसताना गाडी रस्त्यावर नेता येत नाही. लोक भेळेकडे वळले. आम्ही चौघांनी गाडी ढकलून आत नेली. काका शाल खांद्यावर तशीच ठेवून बघत होते.

"झाला ना परत देखावा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मानसी त्यांना विमानतळावर सोडून आली.

ऑक्टोबरमध्ये मी गाडी ट्रेलरवर घालून तपासणीला नेली. नियमावलीतलं ब्रेकचं आणि सीटबेल्टचं प्रकरण मी दोनदा वाचलं होतं. दिव्यांचं वाचलं नव्हतं, कारण दिवे हे काकांचं खातं होतं. तपासनीस उंच, सभ्य, हळू बोलणारा माणूस. तो समोर उभा राहिला आणि म्हणाला, "छान चेहरा आहे." मग त्याने टेप काढली. दिवे बाहेरच्या कडेपासून जास्तीत जास्त चाळीस सेंटिमीटर आत चालतात. आमचे सेहेचाळीस होते. बाकी सगळं पास. त्याने मला हे इतक्या सौम्यपणे सांगितलं, की मला भांडताही आलं नाही.

काका दर शनिवारी फोन करत. "चालली का?" दोन शनिवार मी काहीबाही सांगितलं. तिसऱ्या शनिवारी खरं सांगितलं.

"मग आता?" काकांनी विचारलं.

"डोळे असेच ठेवायचे तर गाडी गॅरेजमध्येच राहणार. नाहीतर पुढचं कापून दिवे बाहेर न्यावे लागतील."

"कापलं की चालेल?"

"चालेल."

"बेडूक दिसेल."

"दिसेल."

पलीकडे रिक्षाचा हॉर्न ऐकू आला, मग काका खोकले. "कापा," ते म्हणाले. "कापताना मला दाखवू नका. आणि कडा आधी खरखरीत करून घ्या. गुळगुळीतावर रेझिन धरत नाही. तुम्ही विसराल."

सहा आठवड्यांच्या कामाला ग्राइंडरची अकरा मिनिटं लागली. कडा खरखरीत करायला मी विसरलो, पहिला थर पापडासारखा निघून आला आणि मला ते सगळं दुसऱ्यांदा करावं लागलं. हे मी काकांना सांगितलं नाही. हिवाळाभर मांडव, हीटर, दोन झाकणं. त्यांच्यासारखं अर्धंही जमलं नाही. मार्चमध्ये त्याच तपासनीसाने टेप लावली, मान डोलावली आणि चेहऱ्याबद्दल काही बोलला नाही.

नंबर लागला त्या रविवारी मानसी फोनवर काकांना घेऊन फुटपाथवर उभी राहिली. मी गाडी सुरू केली, गल्लीतून नेली, कोपऱ्यावर वळवली आणि चर्चला वळसा घालून परत आणली. मानसीने नंतर सांगितलं, की मी दिसेनासा झाल्यावर ती फोन बंद करणार होती, तर काका म्हणाले, "असू दे." आणि मी परत येईपर्यंत ते त्या रिकाम्या गल्लीकडे बघत राहिले. मी उतरून फोन हातात घेतला तेव्हा एवढंच म्हणाले, "गेली होती ना."

त्या वर्षी मंडळांची कामं सुरू व्हायच्या आधीच काका गेले. छातीचंच. मानसी शेवटचे बारा दिवस त्यांच्याजवळ होती. हॉस्पिटलमध्ये येईल त्या माणसाला ते फोनवरचा गाडीचा व्हिडिओ दाखवत. एका नर्सने विचारलं, "आजोबा, हिचं तोंड असं बेडकासारखं का?"

"तोंड इंजिनियरने केलंय," काका म्हणाले. "तुम्ही चालते ते बघा."

बेचाळीस वर्षांतल्या त्यांच्या सगळ्या कामांपैकी आज हे एवढं एकच शाबूत आहे आणि ते चालतं. गेल्या वर्षी ते एकतीस किलोमीटर चाललं. त्यांतले अठ्ठावीस मुदतीच्या तपासणीला जाऊन येण्याचे होते.