अंबूबाईंची पांढरी

अंबूबाईंशी माझी ओळख झाली ती मी त्यांना झापलं तेव्हा. साल एकोणीसशे शहात्तर. मी वाईचा, माती तपासायच्या नोकरीवर सांगलीत नवा, आणि पदवीची हवा अजून डोक्यातून उतरली नव्हती. विश्रामबागेतल्या आमच्या तपासणीच्या खोलीत आष्ट्याकडची ही साठीची बाई एस.टी.नं बुट्टीभर माती घेऊन आली. नमुन्याला अर्धा किलो पुरतो. हिनं आणली होती चांगली दहा किलो.

"सरकारला कमी पडाय नगं," त्या म्हणाल्या.

फॉस्फेटची तपासणी मला फार आवडायची. मातीचा अर्क काढायचा, त्यात दोन औषधं घालायची आणि थांबायचं. माती पिकाला जितकं फॉस्फेट देऊ शकते, तितका निळा रंग चढतो. आपल्याकडच्या काळ्या चुनखडीच्या जमिनी ते धरून बसतात, पिकाच्या हाती लागू देत नाहीत, त्यामुळे नळ्या बहुधा फिकटच राहतात. अंबूबाईंची नळी दौतीतल्या शाईसारखी झाली. मी बुट्टी उलटी करून पाहिली. आतून शेणानं सारवलेली.

"शेणात फॉस्फेट असतं, अहो. सारवलेल्या बुट्टीतून माती आणतात का कुणी?"

"मग काय गळक्या बुट्टीतनं आणू? आर्धी वाटंतच सांडली आस्ती."

आठ दिवसांनी त्या परत आल्या. या वेळी माती धुतलेल्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. नळी पुन्हा तशीच. मी अर्क दहापट पातळ केला, तरी रंग हटेना. माझी मिजास तिथंच गळाली. मी स्टूल पुढे केलं आणि विचारलं, "ही माती आहे तरी कुठली?"

"पांढरीतली."

पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी, हे मला ठाऊक होतं. अंबूबाईंचं शेत होतं एका उठलेल्या गावाच्या पांढरीवर. प्लेगात ते गाव ओस पडलं आणि पुन्हा कुणी तिथं चूल पेटवली नाही. अंबूबाई पंचविसाव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा दिरांनी काळी आपल्याकडे ठेवून हा खापऱ्यांचा उंचवटा त्यांच्या पदरात टाकला. बाईंनी खापऱ्या वेचल्या, दगड काढले आणि ज्वारी पेरली. ती अशी आली की दिरांनी तोंडात बोटं घातली. त्या ज्वारीवर त्यांनी एकुलता एक मुलगा वाढवला आणि पलटणीत धाडला.

आता ते पीकच आडवं आलं होतं. सुनेचं, साळूबाईचं, पहिलं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. पाणवठ्यावरच्या बायकांना कारण सापडायला वेळ लागला नाही. मेलेल्यांच्या मातीतलं धान्य खाते, दुसरं काय होणार? पुन्हा दिवस राहिले तशी साळूबाई दोन कोसांवरच्या माहेरी निघून गेली. त्या घरचा दाणा तोंडात घालणार नाही, म्हणाली.

"माती चांगली हाय आसं लिवून द्या, सायेब. शिक्का मारून. सून आनि नातवंड गेलं तर मी कुणासाठी पेरू?"

कागदावर मी आकडा लिहू शकत होतो. मेलेली माणसं त्या आकड्यात आहेत की नाहीत, यासाठी आमच्याकडे रकाना नव्हता.

रविवारी मी त्यांच्या शेतावर गेलो. हातभर खणलं तर राखेचा थर लागला. मग चुलीचा भाजका दगड, बैलाचा दात, हाडांचे तुकडे. मी खड्ड्यात गुडघ्यावर बसून राहिलो. नत्र हवेत उडून जातं, फॉस्फेट तसं जात नाही. जिथं पडलं तिथं मातीला घट्ट धरून राहतं. त्या गावातल्या माणसांनी शिवारातून खाल्लेला घास न् घास, गुरांनी चरलेला पाला, त्या साऱ्यातलं फॉस्फेट या एवढ्याशा जागेत साठत आलं होतं. गाव उठलं, पण ते गेलं नाही. पाठ्यपुस्तकात हे मी दोन ओळींत वाचलं होतं. आज मात्र ते माझ्या ओंजळीत होतं.

मी अंबूबाईंना ते सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि मी ज्याला घाबरत होतो नेमकं तेच विचारलं, "माणसांचं बी आसंल?"

खोटं बोलणं सोपं होतं. "असेल. थोडं," मी म्हणालो.

त्यांनी खड्ड्यात माती लोटली. "मग ह्ये सुनंला तुमीच सांगा. तिला फशिवून घरी न्हाई न्यायची."

साळूबाईच्या माहेरी आम्ही ओट्यावर बसलो. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी. मी काहीच लपवलं नाही. राख, शेण, हाडं, माणसं, आणि त्या सगळ्यांतून मातीत उतरलेलं फॉस्फेट. तिचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, संपलं सगळं.

"आनि ह्ये माज्या अंगात बी आस्तंय?" तिनं विचारलं.

"सगळ्यांच्या असतं. हाडांत, दातांत, शरीराच्या बारीकात बारीक कणात. आईबापाचा तोंडवळा मुलात उतरतो, तो ज्या धाग्यावरून उतरतो त्या धाग्यातही हेच. तुम्ही आत्ता पदर सावरलात, त्याला जोर लागला, तोही यानंच पुरवला. याच्यावाचून काहीच जगत नाही. गवताचं पातंसुद्धा."

"पोटातल्याला कुठनं मिळतंय?"

"तुमच्याकडून."

"आनि मला?"

"जे खाल्लंत त्यातून."

तिच्या लग्नानंतरच्या तीन सुग्या त्याच ज्वारीवर गेल्या होत्या. मला ते सांगावं लागलं नाही. तिनं हात पोटावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"म्हंजी ती मानसं कवाच घरात आल्यात," ती म्हणाली. "मी त्यास्नी संगं घिऊनच हितं पळून आले."

अंबूबाई डोळ्यांना पदर लावून खाली बघत बसल्या.

"आत्ती, रडू नगासा," साळूबाई म्हणाली. "माजी लुगडी वाळत घातल्यात, तेवडी काडा. ह्या मानसांस्नी त्येंच्या गावाला माघारी न्याय पायजे."