दुसरी फेरी

मी कापूस पारखतो. अकोटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, माल आला की त्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला पुंजका ओढून काढायचा, बोटांत धागा ताणून बघायचा आणि खोट सांगायची. ओल आहे, पाचोळा आहे, किडक्या बोंडाची कवडी आहे. चांगलं काय आहे ते सांगायचा पगार मला कोणी देत नाही. माझ्या वस्तादानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हात आत गेल्यावर समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, बघितलं की भाव चुकतो. वर्षानुवर्षं हेच केल्यावर ते घरीही येतं. बायकोनं ताट वाढलं की मी आधी मीठ कमी असल्याचं सांगतो, मग जेवतो.

हीच सवय मी आमच्या रविवारच्या बैठकीत नेली. लोकांना ती आवडली, याचं मला आजही नवल वाटतं.

बैठक भरायची अमरावतीला, एका झेरॉक्सच्या दुकानात, अर्धं शटर ओढून. आम्ही पाच जण होतो. दुकानदार, कारण मोठे स्पीकर त्याच्याकडं होते. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या एक मॅडम. वरूडचा एक संत्र्याचा व्यापारी, वयानं आमच्यात सगळ्यांत मोठा, मराठी कळत असून हट्टानं हिंदीतच बोलणारा. अकोल्याहून दर रविवारी एसटीनं येणारे दोघं, म्हणजे मी आणि माझा मित्र. तो एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होता. माझं रक्त काढतानाच आमची ओळख झाली होती. मी सुईकडं बघायला नको म्हणून कानात गाणं लावून बसलो होतो, तर हा दंडाला रबर बांधता बांधता म्हणाला, "भाऊ, हे काय वाजून राह्यलं? मशीन बिघडली काय?" मी एक इअरफोन त्याला दिला. बाहेर रांग खोळंबली होती आणि हा माझी शीर सोडून ऐकत उभा.

आम्ही जे ऐकायचो त्याला गाणं म्हणायला घरचे तयार नव्हते. गिटार असायची, पण मुद्दाम बेसूर लावलेली. ड्रम असायचे, पण ठेका मोजायला गेलं की हातातून निसटायचा. सात मिनिटं एकच सूर आणि मग एकदम किंकाळी. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं गॅरेजमध्ये बसून हे करायची आणि आम्ही इंटरनेटवर रात्रंदिवस उकरून ते शोधून काढायचो. धामणगावापासून अकोल्यापर्यंत असलं ऐकणारे आपण पाचच, असं आम्ही समजत होतो आणि त्याची मस्ती आमच्या अंगात भरपूर होती.

नियम मी केले होते. ज्यानं आणलं त्यानं नाव सांगायचं नाही, कारण नाव आधी कळलं की माणूस मान खाली घालून ऐकतो. ऐकून झालं की पहिली फेरी खोटीची. प्रत्येकानं फक्त वाईट काय ते बोलायचं, चांगला शब्द काढायचा नाही. मग दुसरी फेरी, त्यात फक्त गुण. आणि सगळ्यांत शेवटी नाव. पहिल्या फेरीत मी नेहमी आधी बोलायचो. तसा नियम नव्हता, पण सगळे माझ्या तोंडाकडं बघत बसायचे आणि मलाही ते आवडायचं.

सहा वर्षांपूर्वी, हंगाम जोरात असताना, मित्र मला म्हणाला, "मले तुह्या जिनिंगमधी एक दिवस येऊ देशीन काय?" आला तो खिशात नाण्याएवढे दोन माईक आणि एक छोटा रेकॉर्डर घेऊन. माईक त्यानं मशीनच्या लोखंडी पायांना चिकटवले. कामगार हसले. मीही हसलो. पुढं दोन महिने त्यानं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मग एका शनिवारी दुपारी तो घरी आला आणि त्यानं मला अकरा मिनिटांचं एक काम ऐकवलं. आमच्या मशीनी त्यात होत्या. ओळीतलं एक मशीन बाकीच्यांपेक्षा केसभर मागं चालतं. ते मागं पडत पडत जातं, पूर्ण विस्कटतं आणि मग पुन्हा येऊन जुळतं, हे त्यानं पकडलं होतं आणि त्या विस्कटण्यावर स्वतःची गिटार बेतली होती. गिटार ऐकू येतच नव्हती खरं तर. नवव्या मिनिटाला जेवणाची सुट्टी होते, मशीनी एकेक करून बंद पडतात, आणि तेव्हा कळतं की गिटारचा एक बारीक सूर पहिल्यापासून वाजत होता. फक्त तो राहतो. माझ्या अंगावर काटा आला. मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो, कारण डोळे भरून आले होते.

आणि तिथं, माठापाशी उभा असताना, मला त्याचा राग आला. हे लपवण्यात अर्थ नाही. त्या मशीनी मी बारा वर्षं ऐकत होतो. मला तो गोंगाट वाटायचा. ह्यानं एक दिवस येऊन त्यातून हे काढून नेलं. गिटार बेसूर का लावतात हे मी ज्याला शिकवलं होतं, त्यानं.

बाहेर आलो तर तो हात मांडीखाली दाबून बसला होता. पुण्याच्या काही लोकांनी याचा तुकडा ऐकला होता, त्यांनी बोलावलं होतं. दोन महिने तिकडं राहायचं, असं चार-पाच तुकड्यांचं पूर्ण रेकॉर्ड करायचं, ते बाहेर काढायचं काम त्यांचं. पण लॅबवाल्यानं साफ सांगितलं होतं की दोन महिने गेलास तर परत येऊ नकोस. सोमवारी पुण्याला उत्तर द्यायचं होतं.

"उद्या बैठकीत लावतो," तो म्हणाला. "कोनाले सांगू नोको माहं हाये म्हनून. त्यायले माहीत नसलं म्हंजे खरं बोलतीन. त्याच्यावर ठरवतो."

"आन मले माहीत हाये त्याचं काय?"

"तू तं तसाही खरंच बोलते." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "कसं वाटलं तुले?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते लावलं. अकरा मिनिटं दुकानात कोणी हललं नाही. संपल्यावर व्यापाऱ्यानं तोंड उघडलं होतं, काहीतरी बोलणार होता, पण नेहमीप्रमाणे सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हात आत घातला आणि तळातून पुंजका काढला.

मी म्हणालो, या माणसानं काही बनवलेलं नाही, त्याला फक्त आठवतंय. चार बँड ऐकलेत आणि त्यांची गोधडी शिवली आहे. मशीनचा आवाज घातला की प्रयोग झाला असं ज्यांना वाटतं, त्यांतला हा. गिटार लपवून ठेवली आहे, कारण ती वाजवता येत नाही. आणि शेवटी सगळं बंद पाडून एक सूर ठेवणं, ही तर रडायला लावायची जुनी युक्ती, सिरियलमध्येही करतात. हे सगळं मी सावकाश बोललो. एकेक गोष्ट मुद्दाम निवडली होती. गिटार नीट वाजवता येत नाही ही त्याची सगळ्यांत मोठी भीती आहे, हे त्यानं मलाच सांगितलेलं होतं.

एकदा मी दार उघडल्यावर बाकीचे आत घुसले. व्यापारी म्हणाला, "भाई, ये तो आटे की चक्की है. गेहूँ किधर है?" सगळे खो खो हसले. दुकानदार म्हणाला की त्याचं झेरॉक्स मशीन कागद अडकल्यावर याहून बरं वाजतं. मित्रही हसला. त्याला हसावंच लागलं, नाहीतर कळलं असतं. फक्त मॅडम हसल्या नाहीत. मग त्या म्हणाल्या, "पण शेवटी ते जेव्हा थांबतं ना, तिथं मला..."

"मॅडम, पहिली फेरी चालू आहे," मी म्हणालो.

त्या ओशाळल्या. बरं बरं, दुसऱ्या फेरीत सांगते, म्हणाल्या. आणि मला दिसलं की दुसऱ्या फेरीत त्या खरंच सांगतील, व्यापारीही हसणं विसरून सांगेल, आणि उद्या हा पुण्याला हो म्हणेल. मी घड्याळात बघितलं. म्हणालो, "याले दुसरी फेरी काहून पाह्यजे? पुढचं लावा, आमाले बस धरायची हाये."

इतक्या वर्षांत दुसरी फेरी कधी चुकली नव्हती. तरी कोणी हरकत घेतली नाही. दुकानदारानं विचारलं, नाव तर सांग. मित्र म्हणाला, पोलंडचा कोणीतरी आहे, नाव आठवत नाही. व्यापारी म्हणाला, अच्छा है, याद भी मत कर. पुन्हा हसले. मी मित्राच्या तोंडाकडं बघितलं नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. बडनेरा मागं पडलं. मला वाटलं आता भांडेल, आणि भांडला असता तर मी कदाचित सगळं ओकून मोकळा झालो असतो. शिव्या खायची माझी पूर्ण तयारी होती. पण तो म्हणाला, "एक गोष्ट चांगली झाली. बाकीच्यायले माहीत नोतं. तुले माहीत होतं. माहीत असून बोलला तू. सख्खा भाऊ असता तं गोड बोलला असता."

 मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली. तो खाली उतरून दोन चहा घेऊन आला. माझा माझ्या हातात देऊन म्हणाला, "एकच सांग. दुसरी फेरी झाली असती तं तू काय बोलला असता?"

उत्तर माझ्याकडं तयार होतं. कालपासून होतं. त्या मागं पडणाऱ्या मशीनबद्दल, त्या लपलेल्या सुराबद्दल, माठापाशी काय झालं त्याबद्दल. एवढं चांगलं मी कुठल्याच परदेशी बँडबद्दल कधी बोललो नव्हतो.

"काही नसतं बोललो," मी म्हणालो. "पास म्हनलं असतं."

त्यानं मान हलवली. चहा संपवला, फोन काढला आणि माझ्यासमोर ते पुसून टाकलं. घरच्या लॅपटॉपमधलं रात्री काढतो म्हणाला, आणि काढलं. तो जे म्हणतो ते करतो. सोमवारी पुण्याला नाही कळवून तो नेहमीच्या वेळेला लॅबवर हजर होता.

पुढं बैठकीला तो येत राहिला आणि खोटी काढण्यात माझ्याही वर गेला. बोलायला लागला की लोक शहारत. स्वतः मात्र त्यानं पुन्हा काही केलं नाही. गिटार भाच्याला देऊन टाकली. लॉकडाऊननंतर बैठक मोडली, मॅडमची नागपूरला बदली झाली, व्यापाऱ्याची प्रकृती ढासळली. मित्राचं लग्न झालं, आता लॅबचं सगळं तोच बघतो. फ्रीज घ्यायचा असो की प्लॉट, तो आधी मला फोन करतो. चारचौघांत माझी ओळख करून देताना म्हणतो, तोंडावर खरं सांगणारा हा एकच माणूस मला भेटला. मी ते ऐकून घेतो. हंगामात जेवणाच्या सुट्टीला मशीनी बंद पडायला लागल्या की मी हॉलमध्ये जाऊन उभा राहतो. तो सूर कसा होता ते आठवायचा प्रयत्न करतो. आठवत नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, भर दुपारी, मी मालावर होतो. पुण्याच्या त्या लोकांतला एक माणूस इतक्या वर्षांनी पुन्हा मागं लागला होता. तेव्हा मित्रानं पाठवलेलं त्याच्याकडं अजून होतं. नुसता तुकडा नाही, पूर्ण अकरा मिनिटं. तो आता काही लोकांची कामं एकत्र करून बाहेर काढणार होता आणि त्यात त्याला हेच सगळ्यांत आधी पाहिजे होतं.

"मी नाहीच म्हनलं," मित्र म्हणाला. "म्हनलं, त्यात काई दम नाई, माह्या दोस्तानं तवाच सांगतलं, आन तो खोटं बोलत नाई. तरी तो म्हने, दोन दिवस विचार करा." मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "आज दुसरा दिवस हाये. बरोबर केलं ना मी?"

माझा एक हात कापसात होता. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. तेव्हा मला हेवा वाटला होता, आता भीती वाटली. खरं सांगितलं तर त्याला ती अकरा मिनिटं मिळतील, आणि माझ्यावर विश्वास ठेवणारा जगातला एकुलता एक माणूस मला मिळणार नाही.

"बरोबर केलं," मी म्हणालो.

त्यानं सुस्कारा सोडला. सुटल्यासारखा वाटला. मग म्हणाला, "बरं, नवीन काई भेटलं काय इतक्यात आयकाले?" भेटलं होतं. मी अर्धा तास सांगत राहिलो, आणि तो मन लावून ऐकत राहिला.